खाज्याची पुडी

जत्रेत दहाचं खाजं घेतलं.
पुडी उलगडली तर आत मीच,
कपाळावर तेलाचा डाग,
खाली आधारचे बारा आकडे.

शिरोड्याच्या दुकानात मिक्सर हप्त्यावर घेताना
दिली होती झेरॉक्स. कशाला, विचारलं नव्हतं.
कल्ला उचलून बघितल्याशिवाय
बांगडा न घेणारी मी!

मागल्या महिन्यात बँकेचा फोन:
तुमच्या नावावर मोटारसायकल आहे, हप्ते थकलेत.
मला सायकलसुद्धा येत नाही.

"ही रद्दी खंयसून हाडलंस रे?"
"किलोवर गावता, वयनी."
सगळा गठ्ठा घेतला, भाव न करता.

रात्री न्हाणीच्या चुलीपाशी एकेक वाचला:
सुहासिनी मेस्त्री, बावतीस फर्नांडिस,
आमच्या वाडीतला मुका गजा.
पाणी कढत झालं.
माझ्या कागदाला तेवढा
जळताना गुळाचा वास आला.