फेरीबोटीच्या वेळा सांभाळून

जॉयविन रायबंदरहून येतो उशिराच्या फेरीने,
हेल्मेटमध्ये टॉवेल, टॉवेलमध्ये माइक,
आणि स्वतःचं डोकं उघडं.
भाताच्या कोठीत आम्ही चार गाद्या उभ्या केल्या आहेत,
एक आईच्या लग्नातली, तीन शेजारच्या शेवंताक्काकडून
'पाहुणे आलेत' असं खोटं सांगून आणलेल्या.
फ्रीज बंद. पंखा बंद.
कुत्र्याला पेज घालून गप्प केलाय.
चोडणात अकरा वाजून गेले की
माझं गाणं मावेल एवढी शांतता मोकळी होते.

पाच गाणी.
वेर्ण्याच्या कारखान्यात तीन वर्षं
गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा तपासल्या,
त्यातून हा भाड्याचा माइक, ही वापरलेली गिटार,
जिच्या पाठीवर कुणीतरी खिळ्याने 'ग्रेटा' कोरलंय.
मी ते घासून काढलं नाही.

"जरा मोठ्यानं गा," जॉयविन म्हणतो,
"आवाज वर ओढला की सगळी खोली वर येते,
तुझी घड्याळं, तुझ्या पाली, सगळं."

त्याला कसं सांगू.
बाबा बत्तीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनापाशी.
घरी येत ते इंजिन घेऊनच.
मीठ मागत तेही पलीकडच्या काठावरून मागितल्यासारखं.
मी दाराआड, वही छातीशी धरून
आज माझं काय चुकलं ते आठवत.
आई म्हणायची, रागावले नाहीत गं,
ऐकू येत नाही त्यांना, स्वतःचंसुद्धा.
हे मला पटायला वीस वर्षं लागली
आणि पाच गाणी.
तोवर गळ्याला सवय लागून गेली होती
चपला हातात घेऊन चालायची.

तिसऱ्या गाण्यात, परत लावून ऐकलं की,
खालच्या सुरांना काहीतरी गुरगुरतं.
केबल बदलली. जागा बदलली.
जॉयविनने स्पीकरखाली माझी जुनी स्वेटर घातली.
मला वाटलं माझाच आवाज फाटतोय,
नेमका त्या ओळीवर
जिथे 'बाबा' हा शब्द होता
आणि मी तिथे 'पाणी' केलं आहे.

दोनच्या सुमाराला ते आले, दाराखालचा उजेड बघून.
ऐकलं काही नव्हतं. ऐकणार कुठून.
"कितें करतात?" असंही विचारलं नाही.
स्पीकरवर तळवा ठेवला,
तापलेल्या पत्र्यावर ठेवत असतील तसा, जपून, मग पूर्ण,
आणि डोळे मिटले.
मी श्वास धरून उभी.
म्हटलं, आता कळेल त्यांना. हातातून का होईना.
गाणं संपलं.
"एक स्क्रू ढिलो आसा," ते म्हणाले.

बोटीवरचा पत्र्याचा डबा आणला,
स्पीकर पालथा घातला मांडीवर, लहान पोर घ्यावं तसा,
दीड फेरा पिळला, अंगठ्याने चाचपलं,
आणि ओरडले, "लाय आतां!"

लाल दिवा बंद करायचा राहून गेला होता.
पडद्यावरची रेघ उसळली,
वरच्या कडेला आपटून सपाट झाली.
"वाया गेलं हे, पार कापलं गेलंय,"
म्हणत जॉयविनचं बोट पुसायच्या कळीकडे गेलं.
मी त्याचं मनगट धरलं.

गुरगुर थांबली होती.
'पाणी' मात्र मी तसंच गायले.

सकाळी फॉर्म भरायला घेतला.
कलाकाराचं नाव: रिश्मा. आडनाव: चोडणकर.
मधली जागा ऐच्छिक आहे म्हणे.
कर्सर तिथे लुकलुकतोय,
चहा निवतोय.
जॉयविन पहिल्या फेरीला गेला,
डोकं उघडं.
बाबा माझ्या कानाशी वाकून विचारतात
पोराने पैसे किती घेतले,
सगळ्या वाड्याला ऐकू जाईल
एवढ्या हळू.