शिशाची दोन वजनं

दर मंगळवारी मी या घरातली धूळ पुसते.
सकाळी दहा ते एक. पगार नाही, पार्किंग फुकट.
मॅसॅच्युसेट्समधलं एवढंसं गाव,
नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जाणारं.
जिन्यापाशी उंच घड्याळ उभं आहे.
त्याच्या पोटाचं दार उघडलं की
दोरीला टांगलेले दिसतात
बांधावरचे दोन ओबडधोबड दगड.

शाळेची मुलं विचारतात, दगड का?

तिचं नाव सबमिट प्राउटी.
सबमिट, म्हणजे शरण जा.
बाप धर्मगुरू. त्याच्या मनात क्रम पक्का:
आधी देवाला, मग नवऱ्याला.
राजाचं वेगळं सांगायची गरज नव्हती,
तो नाण्यावर होताच.
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं आपण म्हणतो.
हिनं तर कथलाचे चमचेसुद्धा
मोजून देऊन टाकले.

त्याआधी दीड वर्ष घरात चहा बंद होता.
रासबेरीची पानं उकळायची,
तोंड वाकडं करायचं
आणि पुन्हा पेला पुढे करायचा.
विलायती कापड बंद.
सूत कातून बोटांची सालटं निघाली.
हे सोपं होतं, ती बहिणीला लिहिते,
नको म्हणायला लागतंच काय.

मग मार्चच्या चिखलात
गावचे दोघे दारात उभे राहिले, टोप्या हातात.
शिसं आहे का, बाई?
खिडक्यांच्या पट्ट्या गेल्या.
जाळ्याचे मणी गेले.
मग तिची नजर घड्याळाकडे गेली.

सासऱ्यानं बोटीनं मागवलेलं.
तबकडीवर नाजूक अक्षरांत कोरलेलं: लंडन.
गाई इथल्या, चारा इथला,
धार काढायची वेळ मात्र लंडनची.
पोटात शिशाची दोन वजनं, चौदा-चौदा पौंडांची.
तिनं लोकर कातरायची कात्री आणली.

लंबक थोडा वेळ सवयीनं हलला.
चार वाजून वीस मिनिटं.

पुढचं मी कधी सांगते, कधी गाळते,
बरोबरची शिक्षिका कोण आहे ते बघून.
गोळ्या जूबानं ओतल्या.
मालमत्तेच्या यादीत तो आहे,
तांबड्या गाईच्या खाली, घड्याळाच्या वर.
चाळीस पौंड.
रात्रभर चुलीपाशी पळी, साचा, पाण्याची बादली,
प्रत्येक गोळीचा छोटासा चर्र आवाज.
पहाटे मोजल्या: पाचशेला चार कमी.

सबमिटच्या पत्रात शेवटी, कोपऱ्यात, शाई संपत आलेली:
जूबानं विचारलं, यातली एक ठेवून घेऊ का?
मी म्हटलं, कशाला?
तो म्हणाला, वजनाला.

तिनं काय उत्तर दिलं ते पत्रात नाही.
गावानं दिलेली पावती आहे, चौकटीत लावलेली.
पाचशेला पाच कमी.

लढाई आठ वर्षं चालली.
थोरला गेला आणि परत आला, लंगडत.
धाकटा नुसताच गेला.
एका दुपारी तिनं चाकूच्या टोकानं
तबकडीवरचं लंडन खरवडून काढलं,
घाईत, कारण पहिला एल अजून वाचता येतो.
मग दगड टांगले.
पुढच्या यादीत गाई चार आहेत,
जूबा नाही.
विकला, मेला, की आपल्या पायांनी
रस्त्याला लागला,
कागद काही बोलत नाही.
मी तिसरं धरून चालते.
मुलांसमोर तसं म्हणत नाही.

दगड शिशापेक्षा जाडे, लवकर तळाला टेकतात.
आठ दिवसांचं घड्याळ सहाव्या दिवशी दमतं,
त्यामुळे मी येते तेव्हा ते नेहमी थांबलेलं.
मी हात पुसते, चावी फिरवते.
दगड अंधारातून कुरकुरत वर येतात.
वेळ मी फोनवर बघून लावते.