पालथा हात

रात्री दोनला मी त्यांना उजव्या कुशीवर वळवते,
चारला डाव्या.
रजिस्टरात लिहायचं : उजवी, डावी, पाठ,
पुढं सही. माझी सही आता
नुसती एक वळवळ उरलीय.

पाचगावच्या रस्त्याला हे घर. बावीस खाटा,
बावीस तऱ्हेची कातडी.
गोदाक्कांची कांद्याच्या पापुद्र्यागत.
माझ्या बांगडीनं एकदा टराकली,
तेव्हापासून बांगड्या घरी, नखं दर रविवारी.
बागवान चाचांच्या जांघेत घामाचे चट्टे :
पुसायचं, टिपायचं, कोरडं झालं की मलम,
पावडरीचा डबा मात्र कपाटाच्या वरच्या फळीवर.
ते रुसतात. साठ वर्षं लावली म्हणतात.
निंबाळकरबाई रात्रभर खाजवतात,
नडग्यांवर पांढऱ्या रेघा, उधारीच्या वहीगत.
त्यांना आंघोळीला कढत पाणी हवं.
मी कोमट देते, त्या शिव्या देतात,
खानदानी.

भिंतीवर तक्ता लावलाय.
लाल डाग दिसला तर बोटानं दाबा, सोडा.
पांढरा पडला तर ठीक.
लालच राहिला तर सिस्टरना सांगा.
मला तोंडपाठ होतं सगळं.
फक्त तक्त्यावरची पाठ गोरी आहे.

यल्लाप्पा व्हटकरांची पाठ
बाभळीच्या सालीच्या रंगाची.
तिच्यावर लाल कुठनं दिसणार?
आठवडाभर मी दाबत राहिले, बघत राहिले,
काही नाही, काही नाही, सही.

"तू डोळ्यानं बघालीस," एका रात्री ते म्हणाले,
"कातडं काय डोळ्यानं बघायचं असतंय?"
चाळीस वर्षं त्यांनी म्हशींची कातडी कमावली,
चुन्यात भिजवली, हिरड्याच्या पाण्यात मुरवली,
त्याच्या चपला सगळा गाव घालून हिंडला.
"हात पालथा कर.
तळव्याला कामाची सवय लागलेली असती,
त्यो खोटं सांगतोय.
पालथा हात अजून नवा हाय."

केला.
माकडहाडापाशी, रुपयाएवढ्या जागेत,
नुकत्याच रिकाम्या केलेल्या कपाची ऊब.
आणि ऊबेखाली कायतरी मऊ,
जास्त पिकलेल्या पेरूसारखं.

सिस्टर टॉर्च घेऊन आल्या.
वेळेत सापडलं, म्हणाल्या.
मी त्या आठवड्याच्या सह्या मोजत होते.

मग हवेची गादी आली, रात्रभर घरघरणारी.
पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी.
रोज एक अंडं, डाळीचं पाणी.
चादर ओढताना ते बघत असतात :
"घडी ऱ्हायली. ती बघ. घडी पडली की वण पडतोय."
तरी जखम उघडली.
एवढीशी, पण उघडली.

महिन्यातनं एकदा मुलगा येतो,
खुर्ची हातभर लांब ओढून बसतो.
लहानपणी हा बापाच्या ताटात जेवायचा नाही,
बोटांना कुंडाचा वास यायचा म्हणून.
आता ड्रेसिंग सोडलं की
व्हटकर भिंतीकडं तोंड करून विचारतात,
"वास येतोय काय गं?"
नाही, म्हणते.
येतो तेव्हाही नाही म्हणते.

काल चारला वळवताना
त्यांनी माझं मनगट धरलं.
दिवसाला तीस वेळा साबण, वर ते निळं औषध,
माझी बोटं पेरापेरांत फुटलीत.
उजेडाकडं धरून त्यांनी उलटीपालटी केली,
बाजारात माल बघावा तशी.
"ह्ये कुणाच्या रजिस्टरात हाय?"

उशाशी त्यांच्या तेलाची बाटली होती.
हात थरथरत होते, निम्मं चादरीवर सांडलं.
बाकीचं त्यांनी अंगठ्यानं
माझ्या भेगांत जिरवलं, एकेका पेरात,
घाई न करता.
साडेचार वाजले.
गोदाक्कांना वळवायला उशीर झाला.

सकाळी सिस्टर ओरडल्या :
पानावर हा डाग कसला?
तेलाचा.
त्यातनं मागच्या पानावरचं "डावी" उलटं वाचता येत होतं.