पाठची

लोक आधी फोन करून विचारतात:
राहायचं कुठं, डोंगराच्या अलीकडं की पलीकडं?
वाट एकमार्गी. पहाटे मांगाटेपोपोला शिरायचं,
दुपारी केटेटाहीला बाहेर पडायचं,
मधे एकोणीस किलोमीटर,
आणि आल्या वाटेनं परत जायला
कुणाचेच पाय राजी नसतात.

मी खरं तेच सांगते.
इथं तुरांगीत माझ्याकडं राहिलात
तर उतरल्यावर सुख. गाडी संपत्या टोकाला उभी,
बूट वाळवायला खोली, पाणी कढत.
शेजारच्या टेडचं नशीब असेल तर ट्राउटसुद्धा.
तो इथं विकत मिळत नाही,
कुणीतरी द्यावा लागतो.

पण आदल्या रात्रीची झोप पलीकडं.
नॅशनल पार्क नावाचं गाव आहे,
हो, गावाचंच नाव.
रेल्वे फाटकाजवळ हिरव्या पत्र्याचं लॉज, खोल्या सात.
तिथून बसनं वीस मिनिटं.
पाचला ओट्सची लापशी मिळेल.
मालकीण फार बोलत नाही.
चढायच्या आदल्या रात्री तेच बरं.

मालकीण माझी पाठची बहीण, पिरिहिरा.
हे मी फोनवर सांगत नाही.

अकरा वर्षं अबोला.
कारण म्हणाल तर आईची बोट.
बोट कसली, दहा फुटी ॲल्युमिनियम,
मोटर कधीचीच गेलेली.
मी ती विकली. बाराशे डॉलरला. तिला न विचारता.

तेव्हापासून तिच्याकडून माझ्याकडं सगळं येतं
आणि माझ्याकडून तिच्याकडं काहीच जात नाही.
वाटच तशी.
तिच्या साबणाचा वास येतो लोकांच्या मानेला,
गंधकाच्या वासाखालूनही येतो.
तिनं बांधून दिलेल्या सँडविचचे मेणकागद
माझ्या कचऱ्याच्या डब्यात पडतात.
एक कोपरा आत दुमडलेला. आई दुमडायची तसा.
एकदा एक बाहेर काढला,
ओट्यावर हातानं सरळ केला,
आणि मग काय करायचं ते न सुचून
पुन्हा टाकला.

रस्ता नाही असं नाही.
डोंगराला वळसा घालून चाळीस मिनिटं.
मर्व रोज बस घेऊन जातो,
मला विचारायचा पूर्वी, येतेस का हुरिया म्हणून.
आता विचारत नाही.

मार्चमध्ये एक डॅनिश जोडपं उतरलं,
बाईच्या टाचेला फोड, बाप्या वाऱ्यानं लालबुंद.
मी विचारलं, माझं नाव कुणी दिलं तुम्हाला?
तो म्हणाला, त्या लॉजवाल्या बाईनं.
सगळ्यांना तुमच्याकडंच पाठवते ती.
म्हणते, बडबड करेल फार,
पण टॉवेल जाड आहेत.

मी त्यांना किल्ली दिली.
दोन टॉवेल दिले. मग आणखी दोन.

त्रेसष्ट वर्षं झाली या डोंगराखाली.
लाल विवर, पाचूरंगी तळी,
सगळं मी पाहुण्यांच्या मोबाइलवर पाहिलेलं.
गुरुवारचा अंदाज काढला: वारा कमी, ढग दुपारनंतर.
फोन उचलला, ठेवला, डिशवॉशर लावला, उचलला.
आणि लोक विचारतात तसंच विचारलं:

गुरुवारची चाल आहे. बुधवारी एक खोली मिळेल का?
एकटीसाठी.

पलीकडं तिचा फ्रीज घुरघुरत होता.
किंवा माझाच असेल.
मग ती म्हणाली, गुडघ्यांना झेपेल का तुझ्या?

मी काही म्हणायच्या आत:
लापशी पाचला. उशीर केलास तर थांबणार नाही.
आणि टॉवेल तुझा तू आण.