झडती

तेहतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
गेटवर हात वर करून झडती दिली.
काडेपेटी नको, बिडी नको,
बुटाला खिळासुद्धा नको.
आता गळ्याच्या हाडाखाली, डावीकडे,
कातडीच्या आत चपटी डबी घेऊन हिंडतो,
आणि मॉलच्या दारावरचा पोरगा
कार्ड बघून म्हणतो, "काका, बाजूने या."

चक्कर आली ती बोपोडीच्या सिग्नलला.
डोळे उघडले तेव्हा पाव किलो गवार रस्त्यावर
आणि कुणीतरी नाकाला कांदा लावत होतं.
ससूनमधल्या डॉक्टर पोरीने
कागदाची पट्टी उजेडाला धरली.
"बघा, इथे पुढचा ठोका यायला हवा होता."
बघितलं. सरळ रेघ.
तेवढे चार सेकंद मी कुठे होतो
ते काही पट्टीवर लिहिलेलं नव्हतं.

महिना दीड महिना डावा हात
खांद्याच्या वर न्यायचा नाही.
यमुना सदरा चढवते,
आधी दुखरा हात, मग चांगला,
बटणं लावताना माझ्याकडे बघत नाही.
मीही पंख्याकडे बघतो.

मला वाटलेलं, यंत्र म्हणजे
भोंगा. दिवसरात्र हुकूम.
डॉक्टर म्हणाली, नाही हो,
तुमचं हृदय चाललंय तोवर ते गप्प.
नुसतं ऐकत बसतं.
विसरलं, तरच ढोसतं.

तेव्हा तांबोळी आठवला.
रात्रपाळीला शेजारच्या लेथवर.
तीनच्या सुमाराला माझी मान कलली
की कोपर, हलकेच:
"सुरवसे, बोटं."
बाकी रात्रभर अवाक्षर नाही.
ही दहा बोटं शाबूत आहेत ती त्याची कमाई.
जाऊन बारा वर्षं झाली त्याला.
यमुनेलाही सांगितलं नाही, पण
डबीला मी तांबोळीच म्हणतो.

मुलाला एकदाच बजावलंय,
दाहिनीत ढकलण्याआधी हे काढून घ्या,
भट्टीत फुटतं.
"बाबा, काहीतरी काय!"
अरे, फुटणाऱ्या मालावरच
तुझी फी भरली मी.
गेटवर झडती नीट होऊ दे,
एवढंच म्हणतोय.

गवार तेवढी राहून गेली होती.
आज आणली, अर्धा किलो,
पिशवी उजव्या हातात.
सिग्नलला थांबलो.
आतून कुणी काही बोललं नाही.