सत्ताविसावा बाइट

कयानीत, नदीकाठच्या जुन्या कागद-गिरणीत
आता कागद होत नाही.
जिथे ओला लगदा जाळीवरून पळायचा
तिथे उभी आहेत कपाटं, निळे दिवे मिचकावत,
आणि प्रत्येकाच्या पोटात नसलेली यंत्रं,
एकात चाळीस, एकात साठ,
एकमेकांचं तोंड न पाहिलेली पोटभाडेकरू.

रात्रपाळीला तूलिक्की हॅर्कोनेन.
बाहेर उणे एकतीस.
तिसऱ्यांदा गरम केलेली कॉफी.

पाहुण्या यंत्राचा कन्सोल म्हणजे दाराची फट.
आतून एकेक बाइट येतो, ओळीने.
अक्षर असेल तर दिसतं.
सत्तावीस नंबरचं असेल तर दिसत नाही, फक्त बजावतं:
यापुढचं वाचायचं नाही, पाळायचं.
चौकटी कंस, एकतीस, एम : लाल हो.
चौकटी कंस, दोन, जे : सगळं पूस.
चौकटी कंस, सहा, एन : मी कुठे आहे?

हा प्रश्न मला फार आवडतो.
कुठल्या ओळीवर उभे आहोत हे यंत्राला ठाऊक नसतं,
ते पडद्याला विचारतं,
आणि पडदा उत्तर टाइप करतो तूलिक्कीच्या वतीने,
तिची बोटं मांडीवर असताना.
कधी उत्तर उशिरा पोचतं. विचारणारा तोवर निघून गेलेला.
मग आज्ञेच्या ओळीत पडून राहतं
चोवीस, अर्धविराम, ऐंशी, आर,
पत्ता चुकलेल्या पाकिटासारखं.
ती ते बॅकस्पेसने उचलते. बोलत नाही.

तीन चाळीसला सोत्कामोच्या दूध संघाचं यंत्र गेलं.
जाताना लाल म्हणालं, पुन्हा साधं हो म्हणालं नाही.
चौदावा बाइट टाकला,
पंधरावा टाकायचा राहिला.
आणि मग सात.
सात, सात, सात.

सात म्हणजे घंटा.

ताउनो धावत आला, पायात नुसते मोजे.
रात्रीचा पहारेकरी तो आता,
पण तीस वर्षं इथेच, दोन नंबरच्या यंत्रावर होता,
कागद फाटला की घंटा व्हायची.
"कुठे फाटला?" दारातूनच विचारलं त्याने,
आणि मग ओशाळला.

"इथे," ती म्हणाली, आणि पडदा त्याच्याकडे वळवला.
अक्षरांच्या जागी लाल कोपरे, आडव्या रेघा,
कुणीतरी कुंपण मोडून ओतलेलं.

बाहेर पडायचं तर कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस.
फिनिश कीबोर्डवर तो कंस नऊच्या अंगाखाली दडलेला,
तीन बोटं ताणावी लागतात.
ती बाहेर आली.
पडदा मात्र तसाच लाल, तसाच मोडका.
मेला पाहुणा, आणि रंग घरभर यजमानाच्या.
निघताना माणूस निदान "येतो" म्हणतो.

आता तिला स्वतःचं टायपिंगही वाचता येत नव्हतं.
तिने आंधळेपणाने रीसेट लिहिलं, पाच अक्षरं.
पडद्यावर उमटलं : रेघ, किडा, रेघ, किडा, खांब.
एंटर.

काळा, स्वच्छ. कोपऱ्यात लुकलुकणारा चौकोन.

ताउनो खुर्चीच्या काठावर टेकला.
"फाटलेलं आम्ही टाकत नव्हतो," म्हणाला,
"खाली खड्डा होता. पाण्यात परत लगदा,
संध्याकाळी तोच कागद."
मग मोजे ओले असल्याचं त्याच्या लक्षात आलं.
कुठे ओले झाले, ते आठवेना.

तिने यंत्र पुन्हा सुरू केलं.
बऱ्याच ओळी सरसरत गेल्या,
एक क्षण काहीच नाही,
आणि मग फटीतून, न दिसता, पहिली विचारणा :
मी कुठे आहे?

ओळ एक, रकाना एक,
पडद्याने सांगितलं.
तूलिक्की बुटांचा एखादा जोड शोधायला उठली.