चौथी फ्रेम

सेमोंकाँग म्हणजे धुराची जागा.
धूर कसला, धबधब्याचे तुषार वर चढतात
आणि लांबून वाटतं, दरीत कुणीतरी ओली चूल फुंकतंय.
हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट सांगते.
पैसे घेते ते पासपोर्ट साइझचे.

जुलैत, ऐन थंडीत, दुकानाला कुलूप लावलं.
गळ्यात मामाचा कॅमेरा. चौकोनी, जड,
विहिरीत वाकून बघावं तसं वरून बघायचं
आणि आत डावं ते उजवं.
बारा फोटोंचा रोल, चार लोकांचे काढून झालेले,
उरलेले आठ पाण्याचे.
असा माझा हिशेब.

घोडं सेखोबे म्हाताऱ्याचं, सोबत त्याचा नातू,
मोत्लालेपुला, म्हणजे पाऊस घेऊन आलेला.
तीन वर्षं त्यानं काही आणलेलं नाही,
त्यावरून सगळं गाव त्याला छळतं.

कड्यावर पोचलो तर मीटरचा काटा झोपलेला.
बॅटरी काखेत धरली, ब्लँकेटच्या आत,
अंडं उबवतात तशी.
काटा उठला, थरथरला, परत आडवा.
मग मामाची रीत: आपल्या सावलीची कड बघ,
धारदार की मऊ, त्यावरून उजेड ठरव.
सावलीच नव्हती.

तिपाईचा एक पाय बर्फावर.
तो सरकला तेव्हा मी कॅमेऱ्याला मिठी मारली,
फिल्टरची डबी मात्र गेली.
टण्. टण्. मग बराच वेळ काहीच नाही.
पोरगा कान देऊन म्हणाला,
"आउसी, अजून पडतेय."

भिंगावर तुषार. पुसले. पुन्हा तुषार.
पुसायचं फडकं घोड्यानं चघळायला घेतलं.

उजेड कमी असला की फिल्मसुद्धा दमते,
चार सेकंद लागत असतील तर आठ दे तिला, मामा म्हणायचा.
मी दहा दिले, मोठ्यानं मोजून.
पोरगाही मोजायला लागला, शाळा सुटल्याच्या घाईत.
त्याचे दहा आणि माझे दहा वेगळे निघाले.

रात्री मागच्या खोलीत, बादलीवरची बर्फाची साय फोडून,
औषध रॉकेलच्या स्टोव्हवर कोमट करून
रोल धुतला.

दोन फोटो वाऱ्यानं हललेले.
एकात घोड्याचा कान.
एक कोरा: खालच्या भिंगावर टोपण तसंच होतं,
वरच्या भिंगातून मला सगळं किती छान दिसत होतं!
शेवटचा अर्धाच, कागद आधी संपला.
आणि चौथ्यात
मे मादिकेलेदी.

पेन्शनच्या अर्जासाठी बसवली होती तिला, आदल्या दिवशी.
नंतर चावी फिरवायची राहिली.
आता तिच्या डोक्याच्या रुमालातून सबंध धबधबा उतरलाय,
कपाळावरून, नाकावरून, खाली हनुवटीच्या दरीत,
एक डोळा पाण्यात, एक काठावर.

शनिवारी आली. काठी दाराला टेकवली.
लपवता आलं असतं. पण मी फोटो पुढे केला.
तिनं तो लांब धरला, जवळ धरला,
मग खिडकीशी नेला.

"तू म्हणालीस हलू नका."
"हो, मे."
"मी हलले नाही. श्वाससुद्धा घेतला नाही."
"हो."
"आणि हे पाणी? हे थांबलं होतं का तुझ्यासाठी?"
मी गप्प.
"ते सारखं पळतंय तरी ते पांढरं, ठसठशीत.
मी दगडासारखी बसले
तर मी पुसट!"

याला उत्तर मामाच्या वहीत नाही.

फॉर्मला हा चालणार नाही, एवढं मी म्हटलं.
"ते मलाही कळतं," असं म्हणून
तिनं तो फोटो चोळीत सरकवला
आणि पैसे एकाचेच देणार हे आधीच सांगून
पुन्हा स्टुलावर बसली.

मी म्हटलं, श्वास घ्या.
आणि त्याआधी
दोनदा बघून
चावी फिरवली.